मी काढून ठेवलेले पत्र

माझ्या सुनेला गर्भारपणात उपदंश, म्हणजे सिफिलिस, असल्याचे निदान झाले. जुने लोक या आजाराला गरमी म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून. त्यावरचे औषध जुने आहे, साधे आहे आणि सरकारी रुग्णालयात मिळते. तरीही आमच्या बाळाला जन्मल्या दिवसापासून दहा दिवस सुया घ्याव्या लागल्या. ती वेळ माझ्यामुळे आली. ज्यांच्या हाती असा अहवाल आज पडला असेल त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. वैद्यकीय माहिती डॉक्टर देतील. घरात काय घडते, तेवढेच मी सांगू शकतो. नावे बदलली आहेत; बाकी काही बदललेले नाही.

घर

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. चोविसाव्या वर्षी सिल्वासाला जमीन अभिलेखाच्या कार्यालयात लागलो आणि पस्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा निखिल मसाटच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या कारखान्यात अभियंता आहे. सून सायली चाळीसगावची.

घरातील सर्व कागद माझ्याकडे असतात. सायलीला दिवस गेल्यावर तिची फाइलही मीच केली. प्रत्येक कागदाला भोक पाडून, अनुक्रमांक घालून, वर अनुक्रमणिका लावून. सायली हसत असे. एकदा म्हणाली, "अप्पा, बाळ आलं की त्याला आवक क्रमांक देणार का?" मी हसलो नाही, पण मला बरे वाटले होते.

पहिले काही महिने ती एका खासगी दवाखान्यात दाखवत होती. रक्ताच्या तपासण्यांची यादी तिथे मिळाली होती. त्यातल्या निम्म्या आम्ही केल्या आणि उरलेल्या पुढच्या वेळी करू म्हणून राहू दिल्या. ही आमची पहिली चूक. तिची नोंद फाइलीत होती. यादीवर मीच पेन्सिलीने 'बाकी' असे लिहिले होते.

सोमवार

सहावा महिना संपताना रक्त कमी असल्याचे दिसले म्हणून सरकारी रुग्णालयात नाव घातले. तिथे राहिलेल्या सगळ्या तपासण्या एकाच दिवशी झाल्या. दोन दिवसांनी फोन आला की नवरा-बायकोने मिळून यावे. निखिलच्या कारखान्यात ऑडिट होते. मी गेलो.

सकाळी खानवेलकडच्या खेड्यांतून बस आली की त्या व्हरांड्यात बसायला जागा उरत नाही. सायलीचे नाव पुकारले तेव्हा तिच्याबरोबर मीही उठलो. समुपदेशन करणाऱ्या हिनाबेनने मला दारातच थांबवले. "काका, तुम्ही बसा. पहिले हिच्याशी बात करू द्या." त्या गुजराती आहेत, मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलतात आणि सगळ्यांना समजते.

अर्ध्या तासाने सायली बाहेर आली. भिंतीला हात लावून चालत होती. रिक्षात ती एका अंगावर भार टाकून तिरपी बसली. घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि तिने उभ्यानेच सांगितले.

"अप्पा, रक्तात सिफिलिस निघालाय. आज सुई दिली. अजून दोन आहेत, आठ-आठ दिवसांनी. एचआयव्ही नाहीये. यांना पण तपासायला बोलावलंय." मग ती म्हणाली, "बाळाला लागू शकतं."

बाळाला काय होऊ शकते ते तिला आत समजावून सांगितले होते. ते तिने मला सांगितले नाही. मी नंतर हिनाबेनकडून ऐकले. उपचार अपुरा राहिला तर मूल पोटातच जाऊ शकते, किंवा आजार घेऊन जन्माला येऊ शकते. उपचार वेळेवर पुरा झाला तर बहुतेक मुले सुखरूप येतात. सगळा प्रश्न वेळेचा होता.

त्या सोमवारी मी सायलीला एक प्रश्न विचारला. तो इथे जसाच्या तसा लिहितो. मी म्हणालो, "लग्नाआधीचं काही आहे का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हा प्रश्न तुम्ही निखिललाही विचारणार ना? याच शब्दांत?"

मी होय म्हणालो. विचारायला मला शुक्रवार उजाडला.

निखिल

तोवर तो म्हणत होता की लॅबवाल्यांचे काहीतरी चुकले असेल, त्याला स्वतःला काहीही होत नाही. शुक्रवारी मी त्याला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. तो उठून गेला. शनिवारी त्याने वापीला जाऊन रक्त दिले, कारण तिथे त्याला कोणी ओळखत नव्हते. संध्याकाळी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला.

"अप्पा, माझंच आहे. मागच्या वर्षी कामासाठी बाहेर होतो तेव्हाचं."

तो उभाच होता. मी त्याला बस म्हणालो नाही. त्याचे उपचार वापीलाच सुरू झाले. त्या दोघांत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. भांडणाचा आवाज आला नाही. सायलीने आपले अंथरूण आतल्या खोलीत नेले, एवढे मी पाहिले.

डोहाळेजेवण

दुसऱ्या दिवशी, रविवारी, डोहाळेजेवण होते. ठरलेला दिवस बदलला असता तर कारण द्यावे लागले असते. पहिले बाळंतपण माहेरी, हा दोन्ही घरांचा रिवाज. सोमवारी पहाटे विहीणबाई रेखाताई सायलीला घेऊन चाळीसगावला निघणार होत्या. म्हणजे दुसरी सुई तिकडे घ्यायची होती. हिनाबेनने तिथल्या रुग्णालयासाठी पत्र करून दिले: काय निदान झाले, पहिली सुई कधी दिली, पुढच्या दोन कधी द्यायच्या. सायलीच्या गर्भारपणाच्या कार्डावर त्यांनी एवढेच लिहिले, 'सोबतचे पत्र पाहावे.' सायलीने पत्र आणि अहवाल नेहमीप्रमाणे फाइलीत लावण्यासाठी माझ्याकडे दिला.

रविवारी पाहुण्यांत सायलीचे काका प्रकाशराव होते. चाळीसगावच्या त्याच सरकारी रुग्णालयात ते औषधाच्या खिडकीवर बसतात. हे मला आधीपासून माहीत होते. पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला तो ते जेवताना माझ्या शेजारी बसून बोलले तेव्हा. "भाऊ, पोरीची फाइल माझ्याकडंच द्या. मी डॉक्टरांना दाखवून ठेवतो. आपल्या पोरीला रांगेत उभं नाही करायचं."

मी बरे म्हणालो. बायका सायलीची ओटी भरत होत्या, गाणी म्हणत होत्या. मी माझ्या खोलीत गेलो, दार लावले, फाइलीतून पत्र आणि अहवाल काढला आणि कपाटात ठेवला. मधले दोन अनुक्रमांक तुटले होते. पुढच्या कागदांवरचे आकडे खोडून मी नवे घातले. अनुक्रमणिका पुन्हा लिहिली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझ्याकडून हे करवून घेण्याचा प्रयत्न अनेकदा केला होता. मी कधी केले नव्हते.

मनाशी एक समर्थन तयार होते. माझ्या लहानपणी गावात पेनिसिलिनची एक सुई मिळाली की माणूस उठून बसे. सायलीला एक मिळाली आहे. उरलेल्या दोन खबरदारी म्हणून असतील. हे मला कोणीही सांगितले नव्हते. मी कोणाला विचारलेही नाही.

एक शब्द

मंगळवारी सायलीचा चाळीसगावहून फोन आला. ती गच्चीवरून बोलत होती. "अप्पा, फाइलमध्ये ते पत्र नाहीये."

मी म्हणालो की मी डॉक्टरांशी बोललो आहे. तिच्या रक्तात आजाराचे प्रमाण कमी आहे, एका सुईवर भागते, उरलेल्या प्रसूतीनंतर घेता येतील.

"नक्की?"

"नक्की."

ती बरं म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखे काहीतरी होते. काकांच्या खिडकीवर उभे राहण्याचे तिचेही टळले होते. पण तिने विश्वास ठेवला तो माझ्या शब्दावर. या घरात माझा शब्द कोणी पुन्हा तपासून पाहत नसे. निखिलने एकदा विचारले की मला तीन सांगितल्या आहेत, मग तिला एकच कशी. मी त्यालाही तेच उत्तर दिले. काही विचारण्याच्या स्थितीत तो नव्हता. त्याचाही मी उपयोग करून घेतला.

चार आठवडे गेले. सायली फोनवर बाळाच्या हालचाली सांगत असे. मी ऐकून घेत असे. कपाट त्या दिवसांत मी फारसे उघडले नाही.

तारीख

कार्डावर संपर्कासाठी माझा क्रमांक होता. एका सकाळी हिनाबेनचा फोन आला.

"काका, सायलीबेनची दुसरी, तिसरी सुई झाली ना?"

"झाली."

"सरस. तारीख बोला, रजिस्टरमध्ये लिहायची आहे. दोन्हीची. आणि दवाखान्याचं नाव."

सायलीशी मी खोटे बोललो होतो, मुलाशी बोललो होतो, आणि आताही एक शब्द खोटा बोलून झाला होता. पण समोर नोंदवही उघडी ठेवून कोणी तारीख मागते आहे आणि आपण खोटी तारीख लिहवून घ्यायची, हे माझ्याच्याने होईना. यात सद्गुण काही नाही. ही सवय आहे.

"काका? तारीख?"

"नाही झाली," मी म्हणालो. "पत्र माझ्याकडे आहे. मी दिलंच नाही."

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. म्हणाल्या, "मग पहिली पण गेली, काका. मध्ये एवढा खाडा पडला तर नव्याने सुरू करायचं. तिन्ही."

"आणि बाळ?"

"तिन्ही पुऱ्या झाल्या की त्यानंतर महिनाभर तरी बाळ पोटात राहायला पाहिजे. आपल्याकडे दिवस आहेत, पण कमी आहेत. आज निघा."

मी कपाट उघडले, पत्र घेतले आणि नाशिकची बस धरली.

चाळीसगाव

संध्याकाळी पोहोचलो. रेखाताईंनी दार उघडले आणि न कळवता आलो म्हणून घाबरल्या. मी आत जाऊन सायलीच्या हातात पत्र दिले. तिने वाचले, तारखांवर बोट ठेवून पुन्हा वाचले.

"तुम्ही डॉक्टरांशी बोलला होतात ना?"

"नाही. बोललो नव्हतो. हे मी काढून ठेवलं होतं."

ती पोटावर हात ठेवून खाली बसली. रेखाताई विचारत होत्या की कसला कागद, काय झाले. मी सांगायला तोंड उघडले तर सायलीने हाताने थांबवले आणि स्वतः सांगितले. आजाराचे नाव, निखिलचा अहवाल, राहिलेल्या सुया. शब्द कुठेही मऊ केला नाही.

रेखाताईंनी आधी निखिलचा उद्धार केला. ते मी लिहीत नाही. त्यात चूक काही नव्हते. मग माझ्याकडे वळल्या. "पोरगी आमची, तिच्या पोटातलं लेकरू दोन्ही घरचं, आन् कागद तुमच्या कपाटात? अब्रू कोणाची राखली भाऊ तुम्ही? तिची का आमची?"

"माझी," मी म्हणालो.

त्यांनी मला जेवायला वाढले आणि ताट समोर ठेवून निघून गेल्या.

सकाळी रुग्णालयात सायली पुढे चालली, पत्र उघडेच हातात धरून. मी मागे. डॉक्टरांनी पाहून औषध लिहून दिले आणि ती चिठ्ठी घेऊन ती प्रकाशरावांच्या खिडकीशी उभी राहिली. रांगेत. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. आत जाऊन औषध घेऊन आले. तिला म्हणाले, "बस बेटा. परिचारिकेला सांगतो, हळू देईल." मग खिडकीतून माझ्याकडे पाहिले.

"भाऊ, हे तर इथलं नेहमीचं काम आहे. माझ्या खिडकीवर आलेली गोष्ट कोणाच्या घरी पोचली, असं कधी ऐकलं का तुम्ही?"

मी ऐकले नव्हते. त्या माणसाबद्दल मी सगळे स्वतःच ठरवून टाकले होते.

परत

त्याच दिवशी सायलीने सांगितले की ती सिल्वासाला परत येणार. "माझे सगळे कागद तिथे आहेत. हिनाबेन आहेत. मला परत पहिल्यापासून कोणाला सांगत बसायचं नाही." पहिले बाळंतपण सासरी म्हटल्यावर नातेवाईक कारण विचारणार, असे रेखाताई म्हणाल्या. सायली म्हणाली, "विचारू दे." रेखाताईंनी पिशवी भरली आणि बरोबर आल्या.

विहिणीने मुलीच्या सासरी महिना-दोन महिने मुक्काम करण्याचा आमच्याकडे प्रघात नाही. त्यांनी तो केला. निखिलशी दोन आठवडे त्या 'ताट उचला' याव्यतिरिक्त काही बोलल्या नाहीत. मला रोज सकाळी चहा देताना विचारत, "भाऊ, आज कोणता कागद कपाटात गेला?" मी चहा घेत असे. पाचव्या-सहाव्या दिवशी हा प्रश्न ऐकून सायलीला हसू आले. त्या घरात कित्येक आठवड्यांनी कोणी हसले होते, म्हणून मी त्यावर काही बोललो नाही.

दुसरी सुई झाली. तिसरी झाली. निखिलच्या वापीला आधीच पुऱ्या झाल्या होत्या. या वेळी हिनाबेनने दोघांना समोर बसवून त्याच्या तारखाही स्वतः लिहून घेतल्या. त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही. दिवस जाऊ द्यायचे एवढेच. सायली डाव्या कुशीवर पडून बाळाच्या लाथा मोजत असे. थोडा वेळ हालचाल जाणवली नाही की ती कोणाला हाक मारत नसे. पण बाहेरच्या खोलीत आम्ही तिघेही गप्प होत असू.

हिनाबेनने महिना सांगितला होता. आम्हाला नऊ दिवस मिळाले. दहाव्या दिवशी दुपारी सायली उठून उभी राहिली आणि पाणी गेले.

दहा दिवस

मुलगी झाली. मुदतीआधीची, वजनाने कमी. रडली. अंगावर काही दिसत नव्हते. डॉक्टर बाहेर आले तेव्हा निखिल आणि मी दोघेही उभे होतो.

ते म्हणाले, "बाळ दिसायला चांगलं आहे. पण आईच्या औषधाला पुरेसे दिवस मिळालेले नाहीत. आम्ही धोका घेणार नाही. दहा दिवस बाळालाही तेच औषध द्यावं लागेल."

मी त्यांना विचारले की दुसरी सुई ठरलेल्या सोमवारी झाली असती तर हे लागले असते का. त्यांनी कागद पाहिला. "बहुतेक नसतं लागलं," ते म्हणाले. मी मुद्दाम विचारले होते. कोणीतरी ते स्पष्ट सांगावे अशी माझी इच्छा होती.

नवजात कक्षात आईखेरीज कोणाला प्रवेश नाही. इतरांसाठी संध्याकाळी थोडा वेळ काचेवरचा पडदा सरकवतात. औषध शिरेतून द्यायचे असते. त्या एवढ्याशा हातात शीर सापडत नाही. सापडली तर टिकत नाही. पहिले तीन दिवस उजवा हात, मग डावा, मग पाय. नळी हलू नये म्हणून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यावर कापसाची पट्टी गुंडाळून हाताखाली बांधतात. तो पुठ्ठा तिच्या हातापेक्षा मोठा होता. सहाव्या दिवशी शीर फुटली आणि पाऊल सुजले. त्या संध्याकाळी सायलीने पडदा सरकवू दिला नाही.

चांगल्या गोष्टीही लिहिल्या पाहिजेत. तिथल्या एक परिचारिका मुलीला 'मॅडम' म्हणत. "मॅडम आज रागावल्यात, दूध नको म्हणतायत." वाटी-चमच्याने दूध पाजायला त्यांनीच सायलीला शिकवले. चौथ्या दिवशी सायलीने निखिलला आत बोलावण्याची परवानगी मागून घेतली, ती जेवून येईपर्यंत बाळाचा पुठ्ठ्याचा हात धरायला. तो बाहेर आला आणि गाड्या लावतात तिथे जाऊन रडला. मी वरून पाहिले. खाली गेलो नाही. जायला हवे होते.

आठव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो. सायली बाकावर माझ्या शेजारी बसली, डबा न उघडता.

"अप्पा, निखिलचं मला कळतं तरी. तो घाबरला, लपला. पण तुम्हाला मी विचारलं होतं. तुम्ही नक्की म्हणालात."

तिला उत्तर नको होते. थोड्या वेळाने तिने डबा उघडला आणि जेवली.

वाचणाऱ्यांसाठी

मला सल्ला देण्याचा अधिकार फारसा नाही. तरी तीन-चार गोष्टी सांगतो. गर्भारपणातील रक्ताच्या सगळ्या तपासण्या सुरुवातीलाच करून घ्या. 'बाकी' ठेवू नका. नवरा-बायको दोघांनी उपचार घ्यायचा आणि पुरा करायचा. मध्ये खंड पडला तर दडवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात सांगा. आजार कोणी आणला याचा शोध घरचे घेतीलच, तो थांबवता येत नाही. पण सुईची तारीख त्या शोधासाठी थांबत नाही.

आणि बाईचे कागद बाईजवळ असू द्या. रुग्णालयातून सुटी मिळाली त्या दिवशी मी फाइल सायलीला दिली. काढलेले कागद जागेवर लावले, जुने अनुक्रमांक पुन्हा घातले. माझी खाडाखोड मी पुसली नाही.

सहावा महिना

मुलीचे नाव मीरा ठेवले. तिसऱ्या महिन्यात तिचे रक्त तपासले तेव्हा आजाराच्या खुणेचे प्रमाण उतरले होते, पण पूर्ण गेले नव्हते. सहाव्या महिन्यात पुन्हा बोलावले. कान आणि डोळे यापुढेही तपासत राहायचे आहेत. निखिल आणि सायली एका घरात राहतात. आतल्या खोलीतले अंथरूण अजून आतल्याच खोलीत आहे. रेखाताई परत गेल्या. आता फोनवर माझी चौकशी करतात, टोमणा मारूनच, पण करतात.

या सहा महिन्यांत मीरा माझ्या मांडीवर अनेकदा आली. निखिल देई, रेखाताई देत. सायलीने स्वतःच्या हाताने तिला कधी माझ्याकडे दिले नाही. घेऊ नका, असेही ती कधी म्हणाली नाही. मी हे कोणाजवळ बोललो नव्हतो.

अहवालाच्या दिवशी सायली, मीरा आणि मी त्याच व्हरांड्यात बसलो होतो. खिडकीतून पुकारा झाला. सायली मीराला कडेवर घेऊन गेली, कागद घेतला आणि आमच्या जागेवर परत येता येता वाचला. नेहमीच्या आवाजात वाचला. "मीराचं सिफिलिससाठीचं रक्त. नॉन-रिॲक्टिव्ह." बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. तिने आवाज कमी केला नाही.

म्हणजे रक्तात आजाराची खूण उरली नव्हती. मी हात जोडले. कोणाला ते मला सांगता येणार नाही.

शेजारी खानवेलकडची एक गर्भार बाई बसली होती. एकटीच आली होती. तो शब्द ऐकल्यावर तिने मुठीतला कागद उलगडून सायलीसमोर धरला आणि हेच का ते, असे विचारले. सायलीने वाचले.

"हो, हेच. मला होतं. हिला होऊ नये म्हणून सुया घेतल्या. तुमचा नवरा आलाय?"

बाईने नाही म्हणून मान हलवली. घरी सांगितलेले नाही, म्हणाली. सासूने कागद चुलीत घालायला सांगितला असता म्हणून मुठीत लपवून आणला.

सायली उठली. मीराला तिने माझ्या मांडीवर ठेवले, डोक्याखाली माझा हात नीट सरकवला. "अप्पा, हिला धरा. मी यांना हिनाबेनकडे घेऊन जाते. वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हणालो.

त्या दोघी आत गेल्या आणि दार लागले. मीरा झोपलेली होती. बराच वेळ लागला. मी हललो नाही.